पित्ताची पिशवी: खडे होण्याआधी काय करावं आणि झाल्यावर काय करू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ५४ वर्षांच्या. गेल्या वर्षभरात तीनदा रात्री त्यांच्या पोटात जोरात दुखलं आणि तिन्ही वेळा ‘पित्त झालंय’ म्हणून गोळ्या दिल्या गेल्या. आता सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच खडे दिसलेत, सगळ्यात मोठा ९ मिलिमीटरचा. सर्जननी ऑपरेशन सांगितलंय. नात्यातल्या कोणी ऑलिव्ह तेल-लिंबाचा प्रयोग सुचवलाय, कोणी कुळथाचं कढण. तुम्ही स्वतः ३१ वर्षांच्या, बाळ सात महिन्यांचं, वजन वाढलेलं. आईसारखं आपल्याला होऊ नये म्हणून पित्ताशय नैसर्गिकरीत्या कसं सांभाळायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २६ वर्षं जनरल सर्जन म्हणून काम करते आहे. माझं मत आधीच सांगते: आईंच्या खड्यांना स्वयंपाकघरात औषध नाही. तुमच्या पिशवीसाठी मात्र जे करायचं ते बहुतेक स्वयंपाकघरातच आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणसं अडचणीत येतात.

गल्लत सुरू होते ती ‘पित्त’ या शब्दापासून. आपण छातीत जळजळलं तरी पित्त म्हणतो, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त म्हणतो आणि आमसूल चोळतो, अर्धं डोकं दुखून उलटी झाली तरी ‘पित्त पडलं’ म्हणतो. आयुर्वेदातलं पित्त हा आणखी वेगळा विचार. या सगळ्यांत यकृतात तयार होणारा तो हिरवट-पिवळा रस कुठेच नसतो. जळजळ होते ती जठरातल्या आम्लामुळे. गांधी उठतात त्या ॲलर्जीच्या. त्यामुळे पेशंट जेव्हा म्हणतो, ‘डॉक्टर, पित्ताचा त्रास आहे’, तेव्हा मी तो शब्द बाजूला ठेवते आणि विचारते: कुठे दुखतं ते एका हाताने दाखवा, किती वेळ दुखलं, आणि आधी काय जेवला होतात?

पित्ताशयाची कळ बहुतेक वेळा या तीन उत्तरांतच ओळखू येते. माणूस तळहात उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खळगीत ठेवतो. पुष्कळदा दुसरा हात मागे नेऊन उजव्या खांद्याच्या पात्याखाली दाखवतो. दुखणं अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकतं. कूस बदलली, ढेकर आली, शौचाला जाऊन आलं तरी कमी होत नाही. आणि आधी बहुधा काहीतरी भरपेट, तेलकट झालेलं असतं: लग्नाची पंगत, मटणाचा बेत, नाहीतर उपास सोडताना खाल्लेली बशीभर खिचडी. मग पिशवीच्या तोंडाशी अडकलेला खडा परत आत सरकतो आणि कळ आपोआप थांबते. तेवढ्यात एखादी आम्लाची गोळी पोटात गेलेली असते, आणि श्रेय त्या गोळीला मिळतं. आईंच्या बाबतीत वर्षभर हेच झालं असणार. यात तुमची चूक नाही. फक्त पुढच्या वेळेसाठी हे ध्यानात असू द्या. आणखी एक: चाळिशी ओलांडलेल्या कोणाच्याही छातीच्या खळगीत अशी कळ आली तर आधी ईसीजी काढून घ्यावा. हृदयाचं दुखणंही तिथेच येऊन ‘पित्त’ म्हणवून घेतं.

आता पिशवीबद्दल. यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेली ही नासपतीच्या आकाराची पिशवी, लांबीला ७ ते १० सेंटिमीटर, आणि मावतं किती तर ३० ते ५० मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा कपसुद्धा नाही. यकृत मात्र दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस करतं. एवढा रस एवढ्याशा पिशवीत कसा राहणार? पिशवी त्यातलं पाणी शोषून घेते आणि रस पाच ते दहा पट घट्ट करून ठेवते. आपण स्निग्ध काही खाल्लं की लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं. ते पिशवीला आवळायला सांगतं आणि तो घट्ट रस नळीतून आतड्यात उतरतो. साबणाने जसं तेलकट भांडं सुटतं तसं पित्तातले क्षार चरबीचे बारीक थेंब करतात आणि ती पचते. काम झालं की हे क्षार वाया जात नाहीत. जवळजवळ ९५ टक्के आतड्याच्या शेवटच्या भागातून परत यकृतात जातात.

खडा कसा होतो हे ज्यांनी घरी पाक केलाय त्यांना लगेच कळेल. पाण्यात मावेल त्यापेक्षा साखर जास्त झाली आणि पाक न हलवता तसाच ठेवला की कडेला खडे धरू लागतात. पित्तातही तेच. यकृताने त्यात कोलेस्टेरॉल जास्त सोडलं किंवा ते विरघळवून ठेवणारे क्षार कमी पडले, आणि त्यात पिशवी वेळच्या वेळी रिकामी झाली नाही, की आधी गाळासारखा चिखल साठतो, ज्याला रिपोर्टमध्ये ‘स्लज’ लिहितात, आणि मग खडे. म्हणजे कारणं दोन: रस जड होणं आणि रस साचून राहणं. पुढे जे उपाय सांगणार आहे ते सगळे या दोहोंपैकी एकावर तरी काम करतात. एखादा उपाय या दोन्हींत बसत नसेल तर तो मी सांगत नाही.

ऑपरेशननंतर मी खडे एका लहान बाटलीत घालून नातेवाइकांना दाखवते. कोलेस्टेरॉलचे खडे पिवळट असतात, हाताला हलके, आणि बरेच असतील तर एकमेकांवर घासून त्यांना सपाट पैलू पडलेले असतात, कोणीतरी बसून घडवल्यासारखे. ब्लेडने एक कापला की आतून मधल्या ठिपक्यापासून कडेपर्यंत किरणांसारख्या रेषा दिसतात. हे एका दिवसात झालेलं नाही, वर्षानुवर्षं थरावर थर चढलेत, हे तो एक खडा पाहिला की सांगावं लागत नाही. सगळेच खडे असे नसतात. नंदुरबारकडे, तसंच गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत सिकलसेलचा आजार आहे. तिथे रक्तपेशी सारख्या फुटत राहतात, त्यातला रंग पित्तात उतरतो आणि शाळेत जाणाऱ्या मुलांनाही काळे खडे होतात. तिथे खाण्याचा दोष काढणं अन्यायाचं आहे.

कुळथाचं कढण सुचवणाऱ्यांचा भाव चांगला आहे, पण ते मुतखड्याचं ज्ञान इथे लावताहेत. पानफुटीचंही तसंच. मूत्रपिंडातून दिवसाला दीड-दोन लिटर लघवी वाहते आणि ती वाट सरळ शरीराबाहेर जाते. भरपूर पाणी प्यायलं की बारीक खडा वाहून जाऊ शकतो. पित्ताच्या पिशवीचा रस्ता तसा नाही. पिशवीच्या तोंडाशी जी नळी आहे ती आतून पिळाची, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. ती मुख्य नळीला मिळते आणि ती मुख्य नळी आतड्यात उघडते तिथेच स्वादुपिंडाची नळीही येऊन मिळते. म्हणून पित्ताचा खडा ‘निघून गेला’ ही आनंदाची बातमी नसते. मोठा खडा पिशवीतच बसून राहतो, बारीक निसटतो, आणि त्या नाक्यावर अडकला तर कावीळ होते किंवा स्वादुपिंडाला सूज येते. स्वादुपिंडाची सूज किती वाईट असते ते मी पाहिलंय. चालत आलेला माणूस तिसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात. तेव्हा ‘खडे बारीकच आहेत, काळजी नको’ हे वाक्य मला पटत नाही. कुळीथ खा, चांगलं कडधान्य आहे. औषध म्हणून खाऊ नका.

ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या प्रयोगाबद्दल नीट सांगते, कारण त्यात ‘पुरावा’ डोळ्यांना दिसतो. एक-दोन दिवस सफरचंदाचा रस, मग वाटीभर तेल आणि लिंबाचा रस, आणि दुसऱ्या दिवशी शौचात हिरवट, मऊ गोळ्या पडतात. माणसं त्या धुऊन, फोटो काढून मला पाठवतात. अशाच गोळ्या न्यूझीलंडमध्ये एका बाईंनी डॉक्टरांकडे नेल्या. तपासात त्यात कोलेस्टेरॉल नव्हतं, तीन चतुर्थांश भाग चरबीच्या आम्लांचा होता, आणि ४० अंशांच्या उबेला दहा मिनिटांत त्या वितळून तेलकट हिरवं पाणी झाल्या. ही टिपणी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००५ साली आली. तेल आणि लिंबू आतड्यातल्या रसांशी मिळून साबण तयार होतो, त्याच या गोळ्या. खरा खडा ४० अंशांना वितळत नाही, कापायला ब्लेड लागतं. शिवाय वाटीभर तेल एकदम प्यायलं की पिशवी जोरात आवळते. ज्यांच्या पिशवीत खडे आहेत त्यांना नेमकं हेच नको असतं. तुमच्या नातेवाइकांना राग येऊ न देता सांगा, पण आईंना हे करू देऊ नका.

गोळीने खडे विरघळत नाहीत का? काही विरघळतात. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या आहेत. हा पित्तक्षार अस्वलाच्या पित्तात भरपूर असतो आणि ‘अर्सो’ हे नावही अस्वलावरूनच आलंय. पण त्या फक्त लहान, चुना (कॅल्शियम) न धरलेल्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालतात, सहा महिने ते दोन वर्षं नेमाने घ्याव्या लागतात, आणि थांबवल्यावर पाच वर्षांत सुमारे निम्म्या लोकांना खडे परत होतात. ऑपरेशन झेपणारच नाही अशांसाठी त्या ठीक. आईंसाठी मी त्या निवडणार नाही.

इथे एक घटना सांगते, कारण ती माझ्या मनातून जात नाही. काही वर्षांपूर्वी जवळच्या खेड्यातल्या एक काकू आल्या, साधारण आईंच्याच वयाच्या. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात थंडी वाजून ताप, गळ्यात काविळीची माळ. डोक्यावरून घातलेली ती माळ जसजशी वाढत खाली उतरते तसतशी कावीळ उतरते, असं मानतात. माळ उतरायची म्हणून घरच्यांनी अकरा दिवस वाट पाहिली. त्यांची लघवी चहासारखी झाली होती आणि शौच मातीसारखं पांढुरकं. दोन वर्षांपूर्वीच्या सोनोग्राफीत खडे दिसलेले, तो कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला. पुण्याला नेऊन दुर्बिणीने नळीतला खडा काढला, मग अठरा दिवस दवाखान्यात. त्या वाचल्या. मी मुलाला काही बोलले नाही, तो आईसाठी जे ऐकलं ते करत होता. पण विषाणूची कावीळ बऱ्याचदा आपोआप उतरते, म्हणून माळेवरचा विश्वास टिकून राहतो. खड्याच्या काविळीचा तसा भरवसा नसतो. पिवळेपणा, थंडी-ताप, पांढरी शौच, किंवा पाच-सहा तासांनीही न थांबणारी कळ, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. मधुमेह असलेल्या आणि वयस्क माणसांना दुखणं कमी जाणवतं, त्यांच्या बाबतीत तर नुसतं जेवण तुटलं, मरगळ आली, तरी तपासून घ्यावं.

सगळ्याच खड्यांना ऑपरेशन लागतं असं मात्र मुळीच नाही. दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी केली, त्यात खडे दिसले, आणि कधीच दुखलेलं नाही, अशांपैकी बहुतेकांना आयुष्यभर त्रास होत नाही. दर वर्षी शंभरातल्या एक-दोघांना, फार तर चौघांना लक्षणं सुरू होतात. अशा शांत खड्यांना मी हात लावत नाही. खडा ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा, पिशवीच्या भिंतीला चुना धरलेला, सोबत १ सेंटिमीटरहून मोठा मांसाचा कोंब, असं काही असेल तरच वेगळा विचार. आईंना तीन कळा येऊन गेल्यात. एकदा कळ सुरू झाली की ती पुन्हा येण्याची शक्यता खूप असते. म्हणून तुमच्या सर्जननी दिलेला सल्ला मला योग्य वाटतो.

‘फक्त खडे काढा, पिशवी राहू द्या’ असं जवळजवळ प्रत्येक घरातून विचारलं जातं. खडे ज्या पिशवीने तयार केले ती पिशवी ठेवली तर ती पुन्हा तयार करते. पिशवी गेल्यावर पित्तरस यकृतातून थेट आतड्यात थोडाथोडा ठिबकत राहतो आणि पचन चालतं. घोड्याला आणि हत्तीला जन्मतःच ही पिशवी नसते. सुरुवातीचे काही आठवडे तेलकट जेवण बेताने घ्यायचं, काहींना जेवणानंतर शौच पातळ होते, बहुतेकांची ती हळूहळू बसते. जन्मभर पथ्य नाही. पोटावर चार बारीक छिद्रं, साधारण तासाभराचं काम, एक-दोन दिवसांत घरी. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची सुरुवात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केली. आम्ही शिकत होतो तेव्हा बरगडीखाली वीतभर कापत असत. धोका शून्य नाही. मुख्य नळीला इजा होण्याचं प्रमाण हजारात साधारण तीन ते पाच आहे, म्हणून हे ऑपरेशन नेहमी करणाऱ्या हातांकडूनच करून घ्या. आणि आईंना सांगा, पुढे कोणत्याही डॉक्टरकडे गेल्या तर नुसतं ‘पिशवी काढलीय’ म्हणू नका, ‘पित्ताची पिशवी’ म्हणा. आपल्याकडे नुसती ‘पिशवी’ म्हणजे गर्भपिशवी, आणि फाइलवर भलतंच लिहिलं जातं.

आता तुमच्याबद्दल. आईला खडे, बाळंतपण नुकतंच झालेलं, वजन वाढलेलं. तीनही गोष्टी धोका वाढवणाऱ्या आहेत. गरोदरपणात संप्रेरकांमुळे पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं आणि पिशवी ढिली पडते. त्या काळात साठलेला गाळ बऱ्याच जणींचा बाळंतपणानंतर आपोआप जातो. तो जाऊ देणं तुमच्या हातात आहे, आणि त्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाईने बारीक होऊ नका. आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगाने वजन उतरलं की अंगातली चरबी वितळून तिचं कोलेस्टेरॉल पित्तात येतं. त्यात खाणं कमी म्हणून पिशवी आवळत नाही. रस जड आणि साचलेला, दोन्ही एकदम. माझ्याकडे २५-३० वर्षांच्या मुली खडे घेऊन येतात, त्यांतल्या कितीतरी लग्नाआधी दोन महिन्यांत दहा-बारा किलो उतरवलेल्या असतात. अर्धा किलो आठवड्याला, महिन्याला दोन किलो, याच्या पुढे जाऊ नका. तुम्ही अंगावर पाजत असाल तर बाळासाठीही तेच बरं.

दुसरी गोष्ट ऐकून नवल वाटेल: तेल-तूप पूर्ण बंद करू नका. जेवणात अजिबात स्निग्ध नसेल तर पिशवीला आवळण्याचा निरोप नीट जात नाही. भाकरीवर चमचाभर तूप, भाजीला बेताची फोडणी, सोबत मूठभर शेंगदाणे किंवा बदाम, एवढं दोन्ही वेळा असावं. हे खडे नसलेल्यांसाठी सांगते आहे. आईंनी ऑपरेशनपर्यंत तळलेलं, मलईचं आणि भरपेट जेवण टाळावं. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू वाईट नाहीत. सकाळी एक ठीक. मायेपोटी दिवसाला चार खायला घालतात आणि बाई पलंगावरून उठत नाही, तिथे बिघडतं.

तिसरी गोष्ट वेळेची. रात्री नऊला जेवून दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत नुसत्या चहावर राहणाऱ्या बायका मला रोज भेटतात. डबे भरा, मुलांना पाठवा, सगळ्यांचं झाल्यावर आपलं. तेवढे सतरा तास पिशवीतला रस तसाच घट्ट होत बसतो. सकाळी उठल्यावर दोनेक तासांत काहीतरी खा, अगदी शिळी भाकरी आणि दही चालेल. उपास करायला माझी हरकत नाही, माझी आईही चातुर्मास पाळायची. पण दिवसभर कडकडीत राहून संध्याकाळी दाण्याचं कूट आणि तुपात न्हालेली साबुदाण्याची खिचडी पोटभर खायची, त्यावर बटाट्याचे वेफर्स, ही ‘एकादशी दुप्पट खाशी’ पिशवीला सोसत नाही. श्रावणात आणि नवरात्रात आमच्याकडे कळ घेऊन येणारे वाढतात. उपासाच्या दिवशी दर तीन-चार तासांनी फळ, ताक, राजगिरा, भगर असं थोडं थोडं घ्या.

बाकीचं तुम्हाला माहीत असणारच. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, पालेभाजी हे रोज असावं. मैदा, साखर, चहाबरोबर खारी-बटर हे कमी. रोज अर्धा-पाऊण तास घाम येईल इतकं चालणं पिशवीसाठी औषधच आहे. मोठ्या पाहण्यांमध्ये कॉफी पिणाऱ्यांना खड्यांचा त्रास कमी आढळलाय, पण तेवढ्यासाठी कॉफी सुरू करा असं मी सांगणार नाही. भाजीतली हळद उत्तम, हळदीच्या कॅप्सूल मात्र खडे असणाऱ्यांनी घेऊ नयेत, त्या पिशवीला आवळायला लावतात. पाळणा लांबवण्यासाठी हार्मोनच्या गोळ्या सुरू करायच्या असतील तर तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आईच्या खड्यांबद्दल आधी सांगा.

तुम्हाला काही दुखत नसेल तर तुम्ही आज सोनोग्राफी करायची गरज नाही. कधी जेवणानंतर उजव्या बरगडीखाली तशी कळ आलीच, तर करा, आणि सहा ते आठ तास उपाशी राहून करा, नाहीतर पिशवी आवळलेली असते आणि आतलं नीट दिसत नाही.

आईंना सर्जनकडे नेताना जुन्या-नव्या सगळ्या सोनोग्राफी न्या. लिव्हरची रक्ततपासणी झाली नसेल तर करून घ्या, आणि ‘मुख्य नळीत खडा नाही ना?’ हा प्रश्न विचारा, कारण नळीतला खडा साध्या सोनोग्राफीत कधी कधी सुटतो. शंका असली तर एमआरआयची एक खास तपासणी ते सांगतील. रक्त पातळ करायच्या किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटंच सोबत ठेवा. तारीख ठरेपर्यंत आईंना रात्रीचं जेवण आठच्या आत आणि हलकं द्या.